नंबर जुळतोय का बघ

माझ्या मावसभावाने एका पंपासाठी सहा वर्षं घालवली. पाण्याचा पंप नाही, पेट्रोलचाही नाही. स्मॉग पंप. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात ताजी हवा ढकलायची, म्हणजे न जळलेलं पेट्रोल तिथल्या तिथे जळून जातं, एवढंच याचं काम. १९६९ साली अमेरिकेतल्या पोरांनी नवी कोरी गाडी घरी आणून पहिल्याच वीकेण्डला जे काही उपटून फेकलं, त्यात हा पंप एक नंबरवर. का, तर म्हणे ‘पॉवर खातो’! आज तोच पंप, आणि तोही गाडीच्या जन्मतारखेशी जुळणारा शोधायला निघालात, तर फेस येतो तोंडाला.

दादा डेट्रॉईटजवळ ट्रॉयला राहतो. आपल्याकडच्या हजारो मुलांसारखा ऑनसाइट गेला आणि तिकडचाच झाला. तिथे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ भरते. हजारो जुन्या गाड्या रस्त्यावरून निवांत फिरतात आणि लोक दोन्ही बाजूंना फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसतात. आपल्याकडे विसर्जन मिरवणुकीला जागा धरतात, अगदी तस्सं. एकदा सहज बघायला गेला तो कामातूनच गेला. मग आली गाडी. १९६९ ची शेवरोले कॅमेरो, झेड/२८. वहिनी तिला ‘आमचं तिसरं’ म्हणते. पहिली दोन शाळेत जातात.

ज्यांना गाडी म्हणजे ऑफिसला पोचायचं साधन वाटतं त्यांच्यासाठी थोडा फंडा क्लीअर करते. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, साध्यासुध्या गाडीत मावेल तेवढं मोठं इंजिन बसवणं. १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ ही पहिली, असं बहुतेक जण मानतात. झेड/२८ ची गंमत वेगळी. ट्रान्स-अ‍ॅम रेसमध्ये इंजिनाची मर्यादा होती ३०५ घनइंच, म्हणून शेवरोलेने ३२७ च्या सिलिंडरांत २८३ चा क्रँक घालून ३०२ घनइंचाचं इंजिन बनवलं. जवळजवळ पाच लीटर, म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८०० ची सहा इंजिनं एकत्र. १९६९ सालात अशा २०,३०२ गाड्या बनल्या. आज रस्त्यावर त्याहून जास्त असतील असं लोक चेष्टेने म्हणतात, कारण साध्या कॅमेरोला झेड/२८ चे पट्टे मारायला रंगाचा एक डबा पुरतो.

आणि इथूनच सगळी लफडी सुरू होतात. १९६९ च्या कॅमेरोच्या चेसिस नंबरावरून एवढंच कळतं की इंजिन आठ सिलिंडरचं आहे. झेड/२८ आहे की नाही, ते कळत नाही. फोर्डच्या आणि पॉन्टिअ‍ॅकच्या त्या काळातल्या गाड्यांचे रेकॉर्ड पैसे भरून मागवता येतात. कॅनडात विकलेल्या शेवरोलेंचेही मिळतात. अमेरिकेत विकलेल्या शेवरोलेवाल्याने मात्र गाडीच्या अंगावरचे पुरावे शोधायचे. कधीकधी कारखान्यातला बिल्ड शीटचा कागद पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला सापडतो. दादाने टाकी उतरवली तेव्हा तिथे उंदरांचं घरटं होतं. कागद बहुधा त्यातच कामी आला असावा.

उरले ते शिक्के. या गाडीच्या जवळजवळ प्रत्येक पार्टवर तारीख असते, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊकच नव्हतं. काचेच्या कोपऱ्यातल्या दोन बारीक अक्षरांत महिना आणि वर्ष असतं. अल्टरनेटर, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, सगळ्यांवर काही ना काही कोरलेलं. इंजिनाच्या ब्लॉकवर मागच्या बाजूला ‘सी १४ ९’ असं ओतीव अक्षरांत असलं, तर तो १४ मार्च १९६९ ला ओतलाय. ए म्हणजे जानेवारी, तिथून पुढे मोजायचं. दादाच्या गाडीच्या पाटीवर ‘०४बी’ आहे, म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा, कारखाना ओहायोतला नॉरवुड. तेव्हा तिचा प्रत्येक पार्ट त्याआधीचा हवा, पण फार आधीचाही नको. मेमध्ये बनलेला अल्टरनेटर एप्रिलच्या गाडीत कसा आला, असं विचारणारी माणसं तिथल्या शोमध्ये खरोखर टॉर्च घेऊन फिरतात. पत्रिका जुळवणारे गुरुजी परवडले!

गाडी आली तेव्हा तिच्यात काय काय नव्हतं? स्मॉग पंप आणि त्याच्या नळ्या नव्हत्या. ओतीव एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नव्हते, त्यांच्या जागी सत्तरच्या दशकातल्या कुणा हौशी मालकाने हेडर बसवलेले. एअर क्लीनर भलताच. डिकीतला जॅक गायब. रबरी नळ्यांवर हार्डवेअरच्या दुकानातले क्लॅम्प. आणि बॉनेटखाली मूळ इंजिनाऐवजी एका नंतरच्या शेवरोलेचं ३५० घनइंची इंजिन. थोडक्यात काय, दादाने गाडीचा पत्ता विकत घेतला होता, घर नंतर बांधायचं होतं.

नवे बनवलेले पार्ट मिळतात की, असं तुम्ही म्हणाल. मिळतात, आणि भरपूर मिळतात. १९६९ च्या कॅमेरोची अख्खी बॉडीसुद्धा आज नवी विकत मिळते. पण नकलेचे पत्रे कधी दाराशी नीट बसत नाहीत, कधी क्रोमचा रंग जरा जास्तच निळा मारतो. दुसरा प्रकार एनओएस, म्हणजे त्या काळीच बनलेला पण कुणा डीलरच्या फडताळात खोक्यासकट पडून राहिलेला माल. तो सोन्याच्या भावात. तिसरा म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढलेला, जुना, ग्रीसने माखलेला, पण खरा. दादा तिसऱ्यावाला. मलाही तेच पटतं.

हा तिसरा माल मिळतो स्वॅप मीटला. मी त्याच्याबरोबर पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला गेले होते. १९७४ पासून तिथे हा बाजार भरतो. पुण्याचा जुना बाजार घ्या, त्याला कित्येक पटींनी ताणा, त्यातून घासाघीस करणारा आरडाओरडा काढून टाका आणि प्रत्येक विक्रेत्याच्या हातात कॉफीचा मग द्या. झालं कार्लाइल. दिवसभर चालून माझ्या पायाचे तुकडे पडले. दुपारी साडेतीनच्या सुमारास दादा एका ताडपत्रीसमोर गुडघ्यावर बसला, खिशातून टूथब्रश काढला आणि एक काळाकुट्ट गोळा घासायला लागला. तारीख दिसली. मार्च १९६९. हाच तो पंप. त्याने मान वर न करता मला म्हटलं, “अगं, आनंद चेहऱ्यावर दाखवू नकोस, भाव वाढवेल तो.” भाव न वाढवताही वाढलेलाच होता.

इंजिन मिळायला अजून दोन वर्षं गेली. ओहायोतल्या एका म्हाताऱ्या रेसरच्या गॅरेजमध्ये खरं ३०२ निघालं. ओतल्याची तारीख १४ मार्च, जोडल्याची २ एप्रिल, शेवटी ‘डीझेड’, म्हणजे मॅन्युअल गिअरची झेड/२८. दादाची गाडी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली. एवढं जुळतं कुठे, राव! पण त्या काळी शेवरोले इंजिनावर गाडीच्या नंबराचा शेवटचा भागही ठोकत असे. तिथे ‘१९एन’ आणि पुढे सहा आकडे होते. ते सहा आकडे दुसऱ्या गाडीचे.

आता हे आकडे असतात कुठे? उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, दोन बोटं रुंद सपाट जागेवर. ज्या मशीन शॉपमध्ये इंजिन दुरुस्तीला टाकलं, तिथल्या माणसाने अगदी सहज सुचवलं की हवं तर वरचा एक थर तासून तुमच्याच गाडीचा नंबर ठोकून देतो. या धंद्याला तिकडे रीस्टँपिंग म्हणतात. कारखान्यात ब्लॉक सपाट करताना बारीक समांतर रेघा पडलेल्या असतात. पारखी माणूस आधी त्या बघतो, म्हणून बनवणारे हल्ली त्या रेघाही काढतात. एका सकाळचं काम, आणि ‘नंबर मॅचिंग’ गाडीची किंमत कुठल्या कुठे जाते. वहिनीने स्पष्ट विचारलं, “पोरांच्या कॉलेजची फी निघेल?” विनोद नव्हता तो. तिकडची कॉलेजची फी काय असते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल.

दादा दोन आठवडे गप्प होता. मग म्हणाला, नाही ठोकायचा. मी फोनवर कारण विचारलं तर म्हणे, “तासलं की त्या दुसऱ्या गाडीचा नंबर कायमचा गेला. ती कुठेतरी असेल ना?” मला वाटतं यात नुसता सज्जनपणा नाही. मूळ इंजिन नाही म्हणून सांगण्यात कमीपणा काहीच नाही. वॉरंटीत बदललेल्या इंजिनांवर खुद्द शेवरोले ‘सीई’ असा शिक्का मारून द्यायची आणि तशा गाड्या लोक आजही आनंदाने घेतात. दादाने एक फाईल केली आहे. कुठला पार्ट गाडीचा, कुठला दुसऱ्या गाडीतला, कुठला नवा, सगळं फोटोंसकट. गाडी विकायची झाली तर गिऱ्हाइकाला आधी फाईल मिळेल, मग किल्ली.

त्याने ते सहा आकडे शौकिनांच्या वर्तुळात कळवून ठेवले होते. या उन्हाळ्यात इंडियानातून फोन आला. त्या माणसाच्या शेडमध्ये वडिलांची झेड/२८ उभी आहे, इंजिनाविना. १९७३ च्या तेलटंचाईत अख्खी गाडी कुणी घेईना, म्हणून वडिलांनी इंजिन तेवढं विकलं होतं. नंबर जुळतो. दोन्ही गाड्या एकाच कारखान्यातून काही दिवसांच्या अंतराने निघालेल्या.

दादाने त्याला सांगितलंय, इंजिन तुझंच आहे, पण मला मार्चमधलं दुसरं ३०२ आणून दे आणि घेऊन जा. वहिनी म्हणते, म्हणजे पुन्हा सहा वर्षं. इंडियानावाला ऑक्टोबरच्या सुमाराला कार्लाइलला येतोय, दोघं मिळून शोधणार आहेत. दादाने मलाही बोलावलंय, आणि येताना चांगला टूथब्रश आण म्हणालाय. तिकडचे फार मऊ असतात.