विषवाणिज्य आणि श्रावकाची पेढी

अकोटची बाजारपेठ कापसावर उभी आहे, आणि आजचा कापूस रसायनांवाचून क्वचितच पिकतो. खत, कीटकनाशक, सुताचा रंग, अशा प्रत्येक पायरीवर रसायन उद्योग देशाच्या अर्थव्यवस्थेला आधार देतो. या साखळीचा शेवटचा दुवा म्हणजे गावातील कृषी सेवा केंद्र. तेथील गादीवर कित्येकदा श्रावकच बसलेला असतो.

उपासकदशांग सूत्रात श्रावकाला वर्ज्य अशी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत ‘विषवाणिज्य’ स्पष्ट आहे. बाजारात कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. परंतु नाव बदलल्याने द्रव्याचा स्वभाव बदलत नाही. 2017 च्या पावसाळ्यात वऱ्हाडातीलच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले.

उधारीवर माल नेणारा शेतकरी बहुधा दुकानदार देईल तेच नेतो. त्यामुळे विक्रेत्याचा शब्द हाच सल्ला ठरतो. ज्यांना हा व्यवसाय सोडता येईल, त्यांनी तो सोडणे श्रेयस्कर. ज्यांचा चरितार्थच त्यावर आहे, त्यांनी निदान मर्यादा बांधावी: वेष्टनावर लाल खूण असलेला अत्यंत विषारी माल ठेवू नये, दोन औषधे अंदाजाने मिसळण्यास सांगू नये, हातमोजे व मुखपट्टीविना डबा देऊ नये.

पर्युषण आणि कपाशीच्या फवारणीचे दिवस एकत्रच येतात. खमतखामणा करण्यापूर्वी त्या हंगामाची विक्रीवही एकदा उघडून पाहावी.