हवा काढण्याआधी हवेची वाट शोधावी

नांगरटीच्या अगर मळणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर तापून उभा राहिला, की गावात बहुधा दोनच उपाय सुचविले जातात. पहिला उपाय म्हणजे रेडिएटरमध्ये पाणी ओतून काम पुढे रेटावे. दुसरा म्हणजे 'हेड उघडावे लागेल' असे सांगून ट्रॅक्टर गॅरेजात न्यावा. पहिल्या उपायाने दिवस निभावतो, परंतु एंजिनाचे आयुष्य घटते. दुसऱ्या उपायाने कित्येकदा विनाकारण खर्च होतो व वाफशाचे मोलाचे दिवस हातचे जातात. या दोहोंच्या मध्ये निदान नावाची एक पायरी आहे, आणि ती गाळली जाते, हीच खरी उणीव होय.

ही उणीव विशेषेकरून जाणवते ती पाण्याच्या मार्गात हवा अडकल्यामुळे एंजिन तापते तेव्हा. ही हवा काढून टाकणे अवघड नाही, व ते काम बहुतेक चालकांना येते. परंतु हवा काढली म्हणजे दोष गेला, हा समज चुकीचा आहे. हवा आत कशी आली, याचे उत्तर मिळेपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये.

हवेने एवढे काय बिघडते?

सिलिंडरभोवतीच्या व हेडमधील पोकळ्यांतून पाणी फिरते, तेथील उष्णता उचलते व रेडिएटरमध्ये आणून सोडते. तेवढ्याच जागेतील हवेच्या तुलनेने पाणी तीन हजारांहून अधिक पट उष्णता वाहून नेऊ शकते. म्हणून पाण्याच्या जागी हवेचा फुगा बसला, की त्या ठिकाणी धातूची उष्णता उचलणारे जवळजवळ काहीच उरत नाही. हवा नेहमी उंच जागी जाऊन बसते. एंजिनात ही उंच जागा म्हणजे हेडचा वरचा भाग व थर्मोस्टॅटचे घर. हेडमध्ये उष्णता सर्वांत तीव्र असते, आणि नेमके तेथेच पाणी पोहोचत नाही. अशा स्थितीत हेड वाकते, त्याला तडा जातो किंवा गॅस्केट जळते.

याहून फसवी गोष्ट तापमानाच्या काट्याची. काट्याला जोडलेला तापमापक पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. तो हवेच्या फुग्यात सापडला, तर काटा कधी एकाएकी वर उसळतो, कधी खाली येतो, तर कधी एंजिन करपत असताही शांत राहतो. सबब 'काटा तर ठीक आहे' एवढ्यावर विसंबणाऱ्या चालकाची फसगत होते. पंपही पाणी ढकलण्यासाठी बनविलेला असतो. त्याच्या पात्यांशी हवा साचली, तर पाणी पुढे सरकत नाही व पात्या नुसत्याच फिरतात.

प्रथम बाहेरची कारणे पाहावीत

तथापि एंजिन तापले की हवेलाच दोष द्यावा, असेही नव्हे. मळणीच्या हंगामात भुसा, पाचोळा व धूळ रेडिएटरच्या जाळीत बसून वारा अडवितात. पंख्याचा पट्टा सैल होतो. कित्येकदा ओझेच शक्तीबाहेरचे असते. जाळी साफ आहे, पट्टा योग्य ताणलेला आहे व एंजिन ऑईलची पातळी बरोबर आहे, एवढे पाहूनच मग पाण्याच्या मार्गाकडे वळावे. हा क्रम पाळला तर पुढील पुष्कळ वेळ वाचतो.

हवा अडकल्याची लक्षणे ओळखण्यास मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. एंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या बाजूने पाण्याचा गुळगुळ असा आवाज येणे, काटा वरखाली होणे, वरची रबरी नळी कढत असून खालची बराच वेळ गारच राहणे, आणि पाणी काठोकाठ भरूनही थोड्याच वेळात पातळी खाली जाणे, ही त्यांतील मुख्य होत. नळी गार राहण्याचे कारण अडकलेला थर्मोस्टॅट किंवा चोंदलेला रेडिएटर हेही असू शकते. म्हणून एकाच लक्षणावरून निर्णय करू नये. दोन-तीन लक्षणे एकत्र जुळली, तर मात्र हवेची शंका बळावते.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे ते सहाशे मीटर उंचीवर, उघडे पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब राखते, त्यामुळे पाणी त्याहून पुष्कळ अधिक तापले तरी उकळत नाही. दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोग्रॅम दाब राखणारे झाकण असेल, तर आतील पाणी ११५ अंशांपर्यंतही उकळल्यावाचून राहू शकते. तापलेल्या एंजिनाचे झाकण उघडताच हा दाब एकदम सुटतो व पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन ती चेहऱ्यावर व हातांवर उसळते. अशा भाजण्याने माणूस कायमचा अधू होऊ शकतो. एंजिन थांबवून, नळी हाताला गार लागेपर्यंत वाट पाहावी, व मगच झाकण उघडावे. तापलेल्या एंजिनात थंड पाणी ओतणेही तितकेच घातक आहे, कारण त्याने हेडला तडा जाण्याचा संभव असतो.

हवेच्या चार वाटा

पहिली वाट भरण्याच्या चुकीची. नळी बदलल्यावर किंवा पाणी काढून नवे कूलंट भरल्यावर ते घाईने ओतले, तर हवेला बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही. एंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो व त्यामागे हवा कोंडून राहते. ही हवा वाट देण्यासाठी पुष्कळ थर्मोस्टॅटांना एक बारीक छिद्र ठेवलेले असते. बसविताना हे छिद्र वरच्या बाजूस यावे लागते. ते खाली आले, तर नवा थर्मोस्टॅट बसवूनही दोष कायम राहतो.

दुसरी वाट पंपाच्या शोषणाच्या बाजूची. रेडिएटरच्या तळापासून पंपाकडे येणाऱ्या नळीत एंजिन चालू असताना ओढ असते. तेथील क्लिप सैल असेल किंवा नळीला बारीक चीर असेल, तर पाणी बाहेर न गळताही हवा आत ओढली जाते. यामुळेच 'कोठे गळत तर नाही' हे उत्तर पुरेसे नसते. रेडिएटरमधील पातळी फार खाली गेल्यास पंप पाण्याबरोबर हवाही ओढू लागतो.

तिसरी वाट झाकणाची. ज्या ट्रॅक्टरला राखीव टाकी आहे, त्यात तापल्यावर फुगलेले पाणी टाकीत जाते व एंजिन निवल्यावर झाकणातील लहान झडपेमधून परत ओढले जाते. झाकणाचे रबर कडक झाले असेल किंवा टाकीकडील बारीक नळीला चीर असेल, तर पाण्याऐवजी हवा परत येते. याची ओळख सोपी आहे. सकाळी थंड एंजिनात राखीव टाकी भरलेली, परंतु रेडिएटर मात्र उणा, असे आढळल्यास प्रथम झाकण व ती नळी तपासावी. झाकण बदलण्याचा खर्च हेड उघडण्याच्या मानाने नगण्य असतो.

चौथी वाट सर्वांत गंभीर. हेड गॅस्केट फुटले अगर हेडला तडा गेला, तर सिलिंडरमधील जळालेला वायू मोठ्या दाबाने पाण्यात शिरतो. येथे आत येते ती बाहेरची हवा नव्हे, परंतु परिणाम तोच होतो. सकाळी थंड एंजिन सुरू केल्यावर, पाणी तापण्यापूर्वीच वरची नळी कडक होणे, रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येणे, धुराड्यातून पांढरी वाफ निघत राहणे, पाण्यावर तेलाचा तवंग दिसणे किंवा ऑईल दुधासारखे होणे, ही त्याची चिन्हे होत. ऑईल दुधाळ दिसल्यास एंजिन पुन्हा सुरूच करू नये.

हेड उघडण्यापूर्वीची कसोटी

दुसरी व चौथी वाट वेगळी ओळखण्याची एक जुनी व भरवशाची कसोटी आहे. पाण्याचा पंप पट्ट्यावर चालत असेल, तर एंजिन बंद व थंड असताना तो पट्टा काढावा. थर्मोस्टॅट काढून त्याच्या घरात काठोकाठ पाणी भरावे. मग एंजिन सुरू करून जेमतेम एक मिनिट पाहावे. पट्टा नसल्यामुळे पंप फिरत नाही, म्हणजे बाहेरची हवा ओढली जाण्याचा प्रश्नच राहत नाही. तरीही बुडबुडे येऊ लागले, तर ते सिलिंडरमधूनच येत आहेत, असे समजावे. बुडबुडे आले नाहीत, परंतु पट्टा चढविल्यावर पाण्यात पुन्हा हवा दिसली, तर शोषणाची नळी, तिच्या क्लिपा व पंपाचे सील पाहावे. पाणी फिरत नसल्यामुळे एंजिन एका मिनिटाहून अधिक चालवू नये.

ही कसोटी जाणत्या मिस्त्रीने करावयाची आहे. परंतु तिची मागणी करणे मात्र ट्रॅक्टरच्या मालकाचे काम आहे. हेड उघडण्यास संमती देण्यापूर्वी 'ही कसोटी आपल्यासमोर व्हावी' असा आग्रह प्रत्येक शेतकऱ्याने धरावा. प्रामाणिक मिस्त्रीला त्याचा राग येणार नाही, उलट त्याचेही काम सोपे होईल.

याच संदर्भात एका प्रचलित रिवाजाचा निषेध करणे भाग आहे. एंजिन तापले की थर्मोस्टॅटच कायमचा काढून टाकावयाचा, हा तो रिवाज. कसोटीपुरता थर्मोस्टॅट काढणे निराळे आणि तो फेकून देणे निराळे. त्यावाचून एंजिन योग्य उष्णतेस पोहोचण्यास वेळ लागतो, डिझेल नीट जळत नाही व सिलिंडरची झीज वाढते. काही एंजिनांत तर पाणी रेडिएटरला टाळून आडवाटेनेच फिरू लागते व तापणे अधिकच वाढते. दोष शोधण्याऐवजी दोष दाखविणारा भागच काढून टाकण्याचा हा प्रकार आहे.

हवा काढण्याची रीत

ट्रॅक्टर अशा जागी उभा करावा, की त्याचे तोंड किंचित चढाकडे राहील व रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच येईल. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, हातब्रेक लावून चाकांमागे दगड ठेवावेत. हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरावर हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करावा, व बुडबुड्यांवाचून सलग धार येईपर्यंत पाणी सावकाश भरावे. मग स्क्रू आवळून एंजिन मंद वेगाने चालवावे, थर्मोस्टॅट उघडून खालची नळी गरम झाली की एंजिन थांबवावे, पूर्ण निवू द्यावे व कमी झालेली पातळी पुन्हा भरावी. विहिरीचे जड पाणी वारंवार घातल्यास आत क्षारांचा थर बसतो. म्हणून उत्पादकाने सांगितलेले कूलंटच योग्य प्रमाणात वापरावे.

खरे निदान यानंतर सुरू होते. पुढील आठवडाभर रोज सकाळी, थंड एंजिनात, पातळी पाहावी. ती स्थिर राहिली, तर दोष केवळ भरण्याचा होता. ती पुन्हा घटली किंवा पुन्हा बुडबुडे आले, तर हवेची वाट अद्याप उघडी आहे. अशा वेळी पुन:पुन्हा हवा काढीत राहणे म्हणजे रोग लपविणे होय.

हंगामात वेळ कोठून आणावा?

असा आक्षेप येईल, व तो अवाजवी नाही. पेरणीचा वाफसा कोणासाठी थांबत नाही. त्यातून भाड्याने चालणाऱ्या ट्रॅक्टरचा मालक घरी, चालक शेतात व शेतकरी बांधावर अशी स्थिती असते. चालकाला दिवसाचे एकर भरावयाचे असतात, म्हणून तो पाण्याची घागर घालतो व पुढे निघतो. परंतु हिशेब असा, की एंजिन निवण्यास अर्धा-पाऊण तास लागणारच. जाळी, पट्टा, झाकण, नळ्या व क्लिपा पाहणे त्याच अवधीत होते. तो अर्धा तास वाचविण्याच्या नादात हेड गेले, तर ट्रॅक्टर कित्येक दिवस गॅरेजात राहतो, आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या साऱ्यांचीच पेरणी मागे पडते. कर्जावर घेतलेल्या ट्रॅक्टरचा हप्ता मात्र थांबत नाही.

चालकाला यंत्राचे शिक्षण द्यावे, ही कल्पना नवी नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र १९५५ सालीच स्थापन झाले. परंतु भाड्याचा ट्रॅक्टर चालविणारा गावातील तरुण हंगाम सोडून दूरच्या केंद्रात जाणे कठीण. म्हणून शिक्षणच गावात आले पाहिजे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरिपापूर्वी एक सकाळ यासाठी राखून ठेवावी. गावातील एखाद्या ट्रॅक्टरवर, थंड एंजिनात, या चार वाटा चालकांना व मालकांना प्रत्यक्ष दाखवाव्यात. गावातील मिस्त्रीलाही सन्मानाने बोलवावे. तसेच प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर एक लहान वही ठेवण्यास सांगावे व तीत पाणी घातल्याची तारीख व प्रमाण लिहावे. चालक बदलला तरी ही वही बदलत नाही. पंधरवड्यात तीनदा पाणी घालावे लागल्याची नोंद तीत दिसली, तर मालकाने आणखी लक्षणांची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

जनावर चरेनासे झाले, तर शेतकरी त्याच्यापुढे नुसती वैरण टाकून स्वस्थ बसत नाही. तो त्याचे डोळे, कान व पोट पाहतो. तीच सवय यंत्राच्या बाबतीतही लागली पाहिजे. पाणी वारंवार कमी होत असेल, तर ते भरण्याआधी ते का कमी झाले हे विचारावे, आणि हवा निघाली असेल, तर ती पुन्हा येऊ नये याची तजवीज त्याच आठवड्यात करावी.