चौकटीबाहेरचा चाबूक

सर्कशीच्या छायाचित्रात सारेच सत्य उमटते असे नाही. इ. स. १९९० मध्ये अहमदाबाद येथे मेरी एलन मार्क या अमेरिकन छायाचित्रकर्त्रीने श्यामा नावाचा हत्ती व त्याचा शिक्षक यांचे छायाचित्र टिपले. हत्तीची सोंड शिक्षकाच्या गळ्याभोवती आहे. ती माया की नुसती शिकवण, हे चित्र सांगू शकत नाही.

वाघ आगीला भितो. तरी रिंगणात तो जळत्या कड्यातून उडी घेई. उडीचे चित्र निघे, शिकवतानाचा चाबूक चौकटीबाहेर राही. १९९८ साली भारत सरकारने वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल व माकड यांच्या खेळांवर बंदी घातली; २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कसरतपटू ‘नको’ म्हणू शकतो. मुक्या प्राण्याच्या वतीने तो शब्द माणसानेच उच्चारला पाहिजे.