नळीतला कारखाना



दर वेळी मी इथे पासवर्ड, मोबाईल, नवीन ॲप असलं काहीतरी लिहितो. या वेळी आमच्या चिमीबद्दल.

चिमी म्हणजे सोसायटीच्या गेटपाशी जन्मलेली आणि चार वर्षांपूर्वी आईने घरात घेतलेली गावठी कुत्री. पावसाळ्यात तिच्या कानामागे गोचीड दिसले. चिमट्याने काढले आणि ऑफिसच्या रिलीजच्या गडबडीत विसरून गेलो. ती माझी चूक. दिवाळीनंतर तिचं खाणं सुटलं, आणि एका सकाळी नाकातून रक्त. हिरड्या पांढऱ्याफटक.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळंच खाली. प्लेटलेट फक्त 18 हजार. कुत्र्यांत त्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. डॉक्टर म्हणाले, "एकच आकडा पडला असता तर वेगळं. तिन्ही एकदम पडलेत, म्हणजे गडबड कारखान्यातच आहे."

कारखाना म्हणजे अस्थिमज्जा. मटणातली नळी आपण चवीने ओढतो, तिच्यातला ऐवज. मात्र मोठ्या जनावराच्या नळीत बरीचशी पिवळी चरबी असते. रक्त तयार होतं ते लाल मज्जेत: फासळ्या, छातीचं हाड, मणके, कंबरेचं हाड आणि लांब हाडांची टोकं. तिथल्या मूळपेशींपासूनच तिन्ही प्रकारच्या पेशी बनतात. मूत्रपिंडं रक्तातल्या ऑक्सिजनवर नजर ठेवतात आणि तो कमी पडला की एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडून जास्त तांबड्या पेशींची ऑर्डर देतात.

कुत्र्याची तांबडी पेशी सुमारे 110 दिवस टिकते, माणसाची 120. प्लेटलेट जेमतेम आठवडाभर, आणि पांढऱ्यांतल्या न्यूट्रोफिल तर रक्तात काही तासच. म्हणून कारखाना बंद पडला की जंतूंशी लढणारे आणि रक्त थांबवणारे आधी संपतात. तांबड्यांचा जुना साठा काही दिवस पुरतो, आणि तोवर घरच्यांना वाटत राहतं, थकली असेल.

हे घडवणारा जंतू एर्लिकिया कॅनिस. तपकिरी गोचीड चावताना तो रक्तात सोडतो आणि तो पांढऱ्या पेशींत राहतो. काही कुत्र्यांत महिनोन् महिने गप्प राहून तो मज्जाच थंड करून टाकतो. गोचीड कधीच गेलेले असतात.

औषध साधं, डॉक्सिसायक्लिन, निदान चार आठवडे. पण तोवर ती जगायला हवी. शेजारच्या शहाकाकांनी आपला लॅब्राडोर ब्रूनो आणला. त्याचं रक्त तपासलं, जुळवलं आणि चिमीला चढवलं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, "हे उधारीचं रक्त आहे. कमाई तिची तिलाच सुरू करायला हवी."

ती कमाई रक्तात दिसते. मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी वेगळ्या मोजता येतात. रक्त कमी झालं की निरोगी कुत्र्यात तीन-चार दिवसांत त्या वाढू लागतात. चिमीच्या पाचव्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये जवळजवळ नव्हत्याच. दहाव्या दिवशीही तेच. सर्व्हर बंद पडल्यावर लॉग बघत बसायची मला सवय आहे, पण इथे रीस्टार्टचं बटण नव्हतं. आई रोज विचारायची, "आले का रे नवे?" मी मान हलवायचो.

एकोणिसाव्या दिवशी आले. थोडेच, पण आले. आईने रिपोर्ट देवापुढे ठेवला आणि मग चिमीला दहीभात कालवला. तिने अर्धा खाल्ला.

आज प्लेटलेट 90 हजार आहेत. डॉक्टर अजून "सुटली" म्हणत नाहीत, तपासण्या चालू आहेत. पण काल ती स्वतः जिना उतरून ब्रूनोला भेटून आली.

घरात कुत्रं असेल तर आज रात्री त्याच्या कानांत, मानेखाली आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवा. गोचीड सापडला तर नुसता काढून थांबू नका, डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध सुरू करा. आणि गोचीड गेल्यावर काही महिन्यांनी ते मलूल दिसलं, तर रक्त तपासून घ्या. मी पावसाळ्यात दिला नाही तो अर्धा तास, तेवढाच लागतो.

पुढच्या वेळी पुन्हा पासवर्ड.