ऑपरेशन बाईनेच का?

मागल्या पौर्णिमेला विहारातून परतताना आमच्या चाळीतल्या एक ताई भेटल्या. दोन मुलींवर त्यांनी ऑपरेशन करून घेतले, त्याला चार वर्षे झाली. परवा शेजारच्या नामकरणाला गेल्या आणि घरी येऊन मोरीत रडत बसल्या. "भाऊ, तिसरे मला नकोच होते. मग रडू का आले?" आमच्या कारकुनी डोक्याला उत्तर सुचले नाही. नको असणे आणि हुरहुर लागणे एकाच मनात राहू शकते, एवढेच म्हणालो. (सासूबाई अजून नातू मागतात, ते वेगळेच!) जाता जाता म्हणाल्या, "हे म्हणाले, मला कामावर जायचे, तूच कर."

त्या रात्री बाबासाहेबांचे भाषण काढून वाचले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या ठरावावर ते पी. जे. रोहम यांनी वाचून दाखवले होते. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या, तर एका मुलापुढे कोणी गेला नसता, असा त्यात मुद्दा आहे. ठराव फेटाळला गेला.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. वास्तविक पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया सोपी. माणूस त्याच दिवशी घरी येतो. तीन महिने दुसरे साधन वापरून मग वीर्य तपासून घ्यायचे. ताकद जाते, ही नुसती भीती.

आमच्या घरीही ऑपरेशन पत्नीनेच करून घेतले. रजा मिळत नाही, असे आम्ही तेव्हा सांगितले होते. रजा शिल्लक होती.