गाडी ओके आहे, काका!

मागच्या वैशाखात आम्ही दोघं चिपळूणला लग्नाला गेलो होतो. परतीच्या वाटेवर बॅटरी ४० टक्के होती, म्हणजे पाटणपर्यंत काळजी नव्हती. पोफळी मागे पडलं, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि एका वळणावर गाडीतला जीवच गेला. पाय दाबतोय, पण वेग वाढेना. समोरच्या पडद्यावर एक छोटं कासव उगवलं. मागून ट्रकचे हॉर्न. सौ.नी माझा हात घट्ट धरला. कोयनेच्या पाण्यावर जिथे वीज तयार होते, त्याच पोफळीच्या डोक्यावर आमची विजेची गाडी दमली होती!

कडेला पंधरा मिनिटं थांबलो. मग गाडी काहीच न झाल्यासारखी चालू लागली.

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलाने संगणक जोडला, एक नोंद दिसली ती पुसून टाकली, गावात एक चक्कर मारली आणि म्हणाला, "गाडी ओके आहे, काका. तुमच्याकडून पेडल नीट दाबलं गेलं नसेल." पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं आणि पुन्हा तेच उत्तर मिळालं. फोनवर मुलगा म्हणाला, "बाबा, आता गाडी चालवणं पुरे करा." खरं सांगतो, तो घाट मला तेवढा लागला नाही, हे वाक्य लागलं.

घरी येऊन जॉब कार्ड वाचलं. तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलं होतं? 'जनरल चेकअप'! म्हणजे कागदोपत्री माझी तक्रारच नव्हती. बऱ्याच कंपन्या बॅटरीची हमी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची देतात. पण उद्या हमी संपल्यावर 'हे आधीपासूनच होतं' असं म्हणायला माझ्या हातात काय असणार होतं?

मग मास्तरकी कामाला आली. घाटात पुन्हा कासव दिसलं तेव्हा सौ.नी पडद्याचा फोटो काढला. घरी एक पान लिहिलं : तारीख, वेळ, किलोमीटर, बॅटरी किती टक्के, चढ की सपाटी, वेग, एसी चालू की बंद, गाडीत माणसं किती. ते पान घेऊन शोरूमला गेलो आणि तीन गोष्टी मागितल्या. जॉब कार्डावर माझी तक्रार माझ्याच शब्दांत लिहा. संगणकात जे दिसेल ते पुसण्याआधी छापून द्या (फळा पुसण्याआधी मुलांना उतरवून घेऊ देतातच ना!). आणि तुमचा तंत्रज्ञ चाळीसच्या खाली बॅटरी असताना माझ्याबरोबर चढावर येऊ दे.

आला. कासवही आलं! बॅटरीतल्या सेलचा एक गट कमजोर निघाला. शहरात, भरल्या बॅटरीवर त्याचं दुखणं दिसत नव्हतं. चढावर जोर लागला की त्याचा दाब एकदम खाली येई, आणि त्या सेलना इजा होऊ नये म्हणून गाडी सगळीच ताकद कमी करी. कवायतीत सगळ्यात हळू चालणाऱ्या मुलाच्या पावलावर रांग चालते, तसंच हे. हमीत तो गट बदलून मिळाला.

त्या मुलावर माझा राग नाही. दिवसाला इतक्या गाड्या उरकायच्या म्हटल्यावर तो तरी काय करील? पण 'मला दोष दिसला नाही' आणि 'दोष नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे त्याला कुणीतरी शिकवायला हवं. शाळा तपासणीच्या दिवशी वर्गातला सगळ्यात वांड मुलगाही हाताची घडी घालून बसतो. म्हणून साहेबांनी वर्गशिक्षकाला खोटं ठरवायचं का?

तेव्हा मंडळी, जॉब कार्ड वाचल्याशिवाय सही करू नका, आणि त्याची प्रत जपून ठेवा. तरीही कुणी ऐकलं नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडेही जाता येतं, पण तिथेही आधी कागदच विचारतात. आणि असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर दुरुस्त होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.

असो. मुलाला तो छापील कागद पाठवला. उत्तर आलं, "सॉरी बाबा." पुढच्या महिन्यात चिपळूणला बारसं आहे. गाडी मीच चालवणार आहे.