घाटातल्या लाइव्हला गर्दी का होते?

अवसरी खुर्दला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पॉलिटेक्निक आहे. त्यामुळे हॉस्टेल आणि भाड्याच्या खोल्याही भरपूर. रात्री यातल्या कुठल्या ना कुठल्या खोलीतून कुणीतरी लाइव्ह असतंच. स्क्रीनवर गेम, कानाला हेडफोन आणि तोंडात दिल्ली-मुंबईच्या एखाद्या स्ट्रीमरची उसनी हिंदी. 'गाईज, लाइक ठोको!' कोपऱ्यात आकडा दिसतो : बघणारे ३. त्यातला एक रूममेट, तोही शेजारच्या कॉटवरून.

याच आंबेगाव तालुक्यात यात्रेच्या दिवशी बैलगाड्याच्या घाटात फोन लावून उभ्या असलेल्या पोराला मात्र बघणारे शेकड्यांनी मिळतात, मोठ्या घाटाला हजारांनीसुद्धा. 'बैलगाड्याची क्रेझच आहे आपल्याकडे,' असं म्हणून आपण विषय संपवतो. मला हे उत्तर अर्धंच वाटतं. क्रिकेटचीही क्रेझ आहे, म्हणून गल्लीतली मॅच लाइव्ह दाखवली की कुणी बघतं का?

घाटातल्या पोराला आपला प्रेक्षक नेमका माहीत असतो. पिंपरी-चिंचवडला कंपनीत असलेला, सुट्टी न मिळालेला गाववाला. मुंबईला स्थायिक झालेलं कुटुंब. आणि दुसऱ्या गावचा गाडामालक, ज्याला समोरच्याची तयारी बघायची असते. या सगळ्यांना पाहिजे असतं एवढंच : बारी कुणाची, कांडं कुठलं, जुकाट कुठलं, सेकंद किती. अख्खी बारी दहा-पंधरा सेकंदांत संपते. तेवढ्यात माईकवरच्या निवेदकाचं नाव घेणं गर्दीत ऐकू आलं नाही, तर हा पोरगा ते स्वतः पुन्हा सांगतो. कमेंटमध्ये 'आमच्या गावची झाली का?' असं कुणी विचारलं की लगेच उत्तर देतो. 'सबस्क्राइब करा' म्हणायला त्याला फारसा वेळच नसतो!

आता थोडं गणित. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं, ही एक वाट आहे. समजा, २०० जणांनी तुमचं लाइव्ह सरासरी दोन तास पाहिलं, तर एका दिवसात ४०० तास झाले. म्हणजे अशा दहा यात्रा. तीन बघणाऱ्यांच्या जोरावर हाच आकडा गाठायचा तर आयुष्य जाईल. फक्त रेकॉर्डिंग नंतर सगळ्यांसाठी खुलं ठेवावं लागतं. प्रायव्हेट केलं की ते तास धरले जात नाहीत. आणि सलग १२ तासांच्या वर गेलेलं लाइव्ह यूट्यूब आपोआप जपून ठेवत नाही, तेव्हा दिवसभराच्या यात्रेचे दोन भाग केलेले बरे.

बाकी अडचणी अस्सल गावाकडच्या. हजारो फोन एकाच टॉवरवर आले की नेट गुदमरतं, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम खिशात हवं आणि क्वालिटी आधीच कमी ठेवायला हवी. अटकणाऱ्या एचडीपेक्षा थोडं धूसर पण सलग चित्र लोक खुशाल बघतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात फोन तापून बंद पडतो, त्याला सावली करा. डीजेवर सिनेमाचं गाणं लागलं तर कॉपीराइटमुळे लाइव्ह मध्येच तुटू शकतं. हलगीवाल्यांशेजारी उभं राहा, तिथे हा धोका नाही.

मात्र एक गोष्ट या चॅनलवाल्या मित्रांना स्पष्ट सांगायला हवी. ज्या घाटावर तुमचा प्रेक्षक उभा आहे, तो घाट कोर्टाच्या परवानगीवर चालतो. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ ला त्या पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मध्ये सात वर्षं गेली. परवानगी आहे ती नियमांसकट आहे : बैलाला काठी नाही, चाबूक नाही, विजेचा धक्का तर नाहीच. मग समोर कुणी बैलाला मारत असेल, तर तुम्ही कॅमेरा फिरवणार का? मालक ओळखीचा असेल, चॅनलला त्याने बॅनरचे पैसे दिले असतील, तेव्हा हा प्रश्न आणखी अवघड होतो. माझं मत : कॅमेरा हलवू नका. 'यात्रेची बदनामी होते' असं म्हणणारे भेटतील. पण लाइव्ह म्हणायचं आणि नको ते झाकायचं, हे जमणार नाही. बघणाऱ्यांत बैलांवर जीव टाकणारेच जास्त असतात, त्यांना हे कळतं.

दुसरा प्रश्न जूनचा. पाऊस लागला की घाट थंडावतात आणि चॅनलही झोपतं. जुने व्हिडिओ कापून रील टाकत राहणं, हा आळशी उपाय झाला. तोच मामा, तोच काका पावसाळ्यात सकाळी उठून काय शोधत असतो? नारायणगावला टोमॅटोचं क्रेट कितीला गेलं ते. मंचरच्या मार्केटला आज काय भाव निघाला ते. बाजारात उभं राहून, व्यापाऱ्यांशी आणि शेतकऱ्यांशी बोलून, रोज ठरलेल्या वेळेला अर्धा तास हे कुणी लाइव्ह दाखवलं तर? सेकंद अचूक सांगणाऱ्याला भाव अचूक सांगणं जड जाऊ नये. उठावं मात्र पहाटे लागेल, आणि रात्रभर गेम खेळणाऱ्यांची तिथेच पंचाईत आहे.